यंत्रे मोजली, हात मोजायचे राहिले

माझे एक स्नेही जिल्ह्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवीत. निवृत्तीला चार वर्षे उरली असताना त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी रुग्णालयात जाणे हा त्यांच्या वेळापत्रकातला नवा तास झाला. अशी सव्वा वर्षे गेल्यावर त्यांच्या पत्नीने आपले एक मूत्रपिंड त्यांना देण्याचे ठरविले. रक्तगट जुळला, समितीपुढे जाऊन आले, पैशांची जुळवाजुळव झाली. शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याच्या बेतात असताना अखेरच्या तपासण्यांत गुरुजींच्या रक्तात 'क' प्रकारच्या काविळीचा विषाणू सापडला.

डायलिसिस सुरू होण्याच्या दिवशी हीच तपासणी झाली होती आणि तीत हा विषाणू नव्हता. दोन्ही कागद वहिनींनी एकाच पिशवीत जपून ठेवले होते. ते त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि एवढेच विचारले, "साहेब, मग मधल्या काळात हे आलं कुठून?" डॉक्टर भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "होतं असं कधी कधी."

त्या रुग्णालयाचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. तेथील माणसे मनापासून राबत होती, हे मी स्वतः पाहिले आहे. परंतु वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर 'होतं असं कधी कधी' हे नव्हे. त्या प्रश्नाला वैद्यकशास्त्राने अर्धशतकापूर्वीच उत्तर दिलेले आहे. ते आपल्याकडे प्रत्येक डायलिसिस केंद्राच्या दारापर्यंत पोहोचले आहे काय, एवढाच प्रश्न आहे; आणि तो केवळ वैद्यांनी विचारावा असा नाही.

रक्त शरीराबाहेर जाते तेव्हा

डायलिसिस, म्हणजे परिभाषेत अपोहन, ही क्रिया तत्त्वतः सोपी आहे. मूत्रपिंडे जे काम रात्रंदिवस मुकाट्याने करतात ते काम यंत्राच्या साहाय्याने चार तासांत उरकावयाचे असते. हातातील रक्तवाहिनीत दोन जाड सुया टोचतात. एकीतून रक्त बाहेर येते, हजारो केसासारख्या पोकळ तंतूंच्या गाळणीतून फिरते आणि स्वच्छ होऊन दुसरीतून परत जाते. मिनिटाला दोनशे ते तीनशे मिलिलिटर या वेगाने चार तासांत पन्नास ते सत्तर लिटर रक्त गाळणीतून जाते. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असते सुमारे पाच लिटर. म्हणजे त्याचे सगळे रक्त एका बैठकीत दहा-बारा वेळा शरीराबाहेर जाऊन येते.

आठवड्यातून दोन बैठका धरल्या तरी वर्षाच्या १०४ होतात आणि सुया टोचल्या जातात २०८ वेळा. तीन बैठका असतील तर हा आकडा ३१२ वर जातो. दुसऱ्या कोणत्याही आजारात माणसाच्या रक्ताची वाट इतक्या वेळा उघडली जात नाही. त्यातच हे एकट्याच्या खोलीत होत नाही. एका दालनात आठ-दहा खाटा, प्रत्येकीशेजारी एक यंत्र, सकाळची पाळी संपताच दुपारची, दुपारची संपताच रात्रीची. आणि या सर्वांमध्ये फिरणाऱ्या दोन-तीन परिचारिका किंवा तंत्रज्ञ.

रक्तातून पसरणाऱ्या विषाणूला याहून सोयीची जागा मिळणे कठीण. 'ब' आणि 'क' या प्रकारच्या काविळीचे विषाणू रक्तातून पसरणारे आहेत. आपल्याकडे कावीळ म्हटली की दूषित पाणी आठवते, आणि 'अ' व 'ई' या प्रकारांबाबत ते खरेही आहे. या पाण्यातून येणाऱ्या काविळी बहुतेक वेळा आपोआप बऱ्या होतात. म्हणूनच कावीळ उतरविणाऱ्यांना आणि काविळीची माळ घालणाऱ्यांना गावोगाव यश येत आले आहे. 'ब' आणि 'क' यांची जात वेगळी. त्या शरीरात ठाण मांडून बसतात आणि वर्षानुवर्षे यकृत पोखरीत राहतात. काहींच्या बाबतीत त्याची परिणती यकृत आक्रसण्यात किंवा कर्करोगात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात 'ब' प्रकारचा विषाणू अंगी बाळगणारे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि 'क' प्रकारचा बाळगणारे सुमारे ५५ लाख लोक होते. ज्या देशात ही स्थिती आहे तेथे डायलिसिसच्या एखाद्या मोठ्या दालनात असा एकही रुग्ण नसेल, असे धरून चालणे धाडसाचे होईल.

एडिंबरोचा धडा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंड बनविले आणि १९६० साली अमेरिकेतील सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिनीला कायमची नळी जोडण्याची युक्ती शोधली, तेव्हापासून एकाच रुग्णावर वर्षानुवर्षे डायलिसिस करणे शक्य झाले. मरणाच्या दारातून माणसे परत येऊ लागली. युरोप-अमेरिकेत केंद्रे निघाली आणि पाठोपाठ काविळीच्या साथी सुरू झाल्या. १९६५ साली मँचेस्टर, मग लिव्हरपूल, मग लंडन. रुग्ण आजारी पडत आणि त्यांची शुश्रूषा करणारेही आजारी पडत.

सर्वांत दारुण प्रकार एडिंबरोला घडला. सर मायकेल वुड्रफ यांनी १९६० साली ब्रिटनमधील पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण याच शहरात केले होते. तेथील रॉयल इन्फर्मरीच्या डायलिसिस व रोपण विभागात १९६९-७० मध्ये 'ब' काविळीची साथ शिरली. रुग्ण तर दगावलेच, पण रुग्णालयाचे चार कर्मचारीही प्राणास मुकले. ज्यांनी इतरांची आयुष्ये वाढवावयाची तेच त्या कामापायी गेले. वुड्रफ यांच्या मनावर याचा खोल आघात झाला.

त्या सुमारास शत्रूची ओळख नुकतीच पटली होती. अमेरिकन शास्त्रज्ञ बारुख ब्लुमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात एक अपरिचित प्रथिन आढळले होते. १९६५ साली त्यांनी ते जाहीर केले. पुढे हे प्रथिन 'ब' काविळीच्या विषाणूचेच अंग असल्याचे निष्पन्न झाले आणि १९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधामुळे कोणाच्या रक्तात विषाणू आहे हे तपासता येऊ लागले, इतकेच. लस नव्हती. औषध तर नव्हतेच.

तरीही ब्रिटनने ही साथ हटविली. लॉर्ड रोझेनहाइम यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार मंडळाने १९७२ साली अहवाल दिला. त्यातील उपाय एखाद्या शाळेच्या नियमावलीत शोभावेत इतके साधे होते. प्रत्येक रुग्णाचे व कर्मचाऱ्याचे रक्त ठरावीक मुदतीने तपासा. ज्याच्या रक्तात विषाणू आहे त्याचे डायलिसिस वेगळ्या जागी, वेगळ्या यंत्रावर करा. रक्त चढविणे शक्य तितके टाळा. हातमोजे घाला, सांडलेले रक्त तत्काळ पुसून जागा निर्जंतुक करा. हे कसोशीने पाळले गेले आणि त्या दशकातच ब्रिटिश केंद्रांतून 'ब' कावीळ जवळजवळ नाहीशी झाली. अमेरिकेत १९७४ साली डायलिसिसच्या दर शंभर रुग्णांमागे सहांहून अधिक जणांना नव्याने लागण होत असे. १९७७ साली तेथील रोगनियंत्रण केंद्राने असेच नियम घालून दिले आणि १९८० सालापर्यंत हे प्रमाण शंभरात एकावर आले. 'ब' काविळीची पहिली लस त्यानंतर, १९८१ साली, मान्य झाली.

या कालक्रमाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. शिस्त आधी आली, लस मागाहून आली. आणि रोगाची मोठी माघार शिस्तीमुळे झाली. आज आपल्याजवळ लसही आहे आणि औषधेही आहेत. तरीसुद्धा एका शिक्षकाला सव्वा वर्षात डायलिसिसच्या खाटेवर कावीळ होत असेल, तर उणीव कशाची आहे हे वेगळे सांगावयास नको.

डोळे पिवळे होत नाहीत

या प्रकरणातील सर्वांत फसवी गोष्ट अशी की डायलिसिसच्या रुग्णाला ही कावीळ होते तेव्हा बहुधा ती दिसतच नाही. यकृताची नासधूस विषाणू स्वतः फारशी करीत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूने व्यापलेल्या पेशींवर तुटून पडते, त्या झटापटीत यकृत भाजून निघते आणि डोळे पिवळे होतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते. त्यामुळे झटापटच होत नाही. रुग्णाला थोडा थकवा येतो, अन्नावरची वासना कमी होते, आणि ही दोन्ही लक्षणे त्याला आधीपासून असतातच. यकृताच्या नेहमीच्या चाचणीतील आकडेही अशा रुग्णांत मुळात कमीच असतात, त्यामुळे किंचित वाढ झाली तरी ती कोणाच्या नजरेत भरत नाही.

पण ज्याला लढता येत नाही त्याला शत्रूला हुसकूनही लावता येत नाही. धडधाकट प्रौढ माणसाला 'ब' कावीळ झाली तर शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक जण विषाणूमुक्त होतात. डायलिसिसच्या रुग्णांत मात्र विषाणू कायमचा मुक्काम ठोकण्याचे प्रमाण कितीतरी जास्त असते. एडिंबरोला जे घडले त्याची उकल येथे होते. ज्याच्यापासून लागण होते तो रुग्ण वरकरणी ठणठणीत दिसतो. सुई टोचून घेऊन ज्या निरोगी परिचारिकेला लागण होते तिचे शरीर त्वेषाने प्रतिकार करते आणि क्वचित प्रसंगी त्या प्रतिकारातच तिचे यकृत संपुष्टात येते.

म्हणून या रुग्णांच्या बाबतीत नजरेवर विसंबून चालत नाही. रक्त तपासावेच लागते, आणि तेही पुन्हा पुन्हा. त्यातही एक खाच आहे. 'क' विषाणूची नेहमीची चाचणी विषाणू शोधीत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ती दिसू लागण्यास दोन-तीन महिने लागू शकतात आणि दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या रुग्णात ती कधी कधी दिसतच नाहीत. विषाणूचे जनुकद्रव्य शोधणारी चाचणी ही लागण एक-दोन आठवड्यांत दाखविते, पण ती महाग पडते. तेव्हा 'निगेटिव्ह' असा शिक्का असलेला कागद हा त्या दिवसापुरता आणि त्या चाचणीपुरता दाखला आहे, एवढेच त्यातून समजावयाचे.

दोषी यंत्र नव्हे

सामान्य समज असा आहे की एकाच्या यंत्रावर दुसऱ्याला घेतले म्हणजे रोग लागतो. 'ब' काविळीच्या बाबतीत वेगळे यंत्र आणि वेगळी जागा आवश्यकच आहे, कारण तो विषाणू कमालीचा चिवट आहे. वाळलेल्या रक्ताच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या डागातही तो निदान सात दिवस जिवंत राहतो, आणि बाधित रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये त्याची संख्या कोटींच्या घरात असू शकते. परंतु 'क' काविळीच्या बाबतीत मूत्रपिंडतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे निराळे सांगतात. रुग्णाचे रक्त यंत्राच्या अंतर्भागात जातच नाही, ते गाळणीत आणि नळ्यांत फिरते. म्हणून 'क' बाधितांसाठी यंत्र वेगळे ठेवण्याची शिफारस ही तत्त्वे करीत नाहीत. वेगळे यंत्र ठेवले म्हणजे सुरक्षित झालो, अशी खोटी निश्चिंती त्यातून येते, आणि खरा मार्ग उघडाच राहतो. हा खरा मार्ग म्हणजे माणसाचे हात.

दालनातला एखादा सकाळचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. परिचारिका एका रुग्णाच्या हातातील सुया काढीत आहे. एवढ्यात पलीकडच्या खाटेवर धोक्याची घंटा वाजते, रुग्णाचा रक्तदाब एकदम उतरला आहे, त्याला घाम फुटला आहे. ती धावत जाते, यंत्राची कळ दाबते, नळीला हात लावते. हातमोजे बदलावयास अर्धे मिनिट लागते आणि ते अर्धे मिनिट तिच्याजवळ नसते. यात तिचा दोष काढण्याचा अधिकार कोणाला आहे? समोर माणूस बेशुद्ध पडत असताना हात धुवावयास नळाकडे जाणे कोणालाही जमणार नाही. मात्र दालनात आणखी एक परिचारिका असती तर ही निवड करण्याची वेळच आली नसती.

दुसरी वाट औषधाच्या बाटलीची. गाळणीत रक्त गोठू नये म्हणून प्रत्येक रुग्णाला हेपॅरिन द्यावे लागते. त्याची पाच मिलिलिटरची बाटली अनेक रुग्णांना पुरते. रुग्णाच्या खाटेशेजारीच ती उघडून एकामागून एकाला दिली, आणि वापरलेल्या पिचकारीची सुई एकदाच चुकून तीत गेली, तर पुढच्या प्रत्येकाच्या वाट्याला काय येईल हे सांगावयास नको. नियम असा की प्रत्येकाची मात्रा वेगळ्या स्वच्छ खोलीत, वेगळ्या पिचकारीत भरून आणावी. तिसरी वाट गाळणीच्या फेरवापराची. आपल्याकडे खर्च वाचविण्यासाठी एकच गाळणी धुऊन त्याच रुग्णाला अनेकदा वापरतात. नाव नीट लिहिलेले असेल, धुण्याची जागा आणि पद्धत काटेकोर असेल तर ते चालू शकते. घाईत गाळण्यांची अदलाबदल झाली तर ते रक्ताचीच अदलाबदल केल्यासारखे होते. 'ब' बाधिताची गाळणी तर पुन्हा वापरूच नये, असा दंडक आहे.

पूर्वी लागण होण्याचे मोठे कारण चढविलेले रक्त हे होते. १९८९ साली 'क' विषाणूची ओळख पटली आणि त्या शोधमालिकेसाठी २०२० साली हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राइस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास रक्त वाढविणारे एरिथ्रोपोएटिन हे इंजेक्शन आले आणि रुग्णांना वारंवार रक्त चढविण्याची गरज उरली नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने पैशांसाठी रक्त विकण्याची प्रथा बंद झाली, रक्तपेढ्यांतील तपासण्या कडक झाल्या. रक्ताची वाट अशी बरीचशी बुजली. तरीही ज्या केंद्रांत नवी लागण होतच राहते तेथे बोट हातांकडेच दाखवावे लागते. एकाच देशातील एका केंद्रात बाधितांचे प्रमाण नगण्य आणि दुसऱ्यात भीतिदायक असते, याचा दुसरा अर्थ लागत नाही.

रोपणाच्या उंबरठ्यावर

कोणी म्हणेल, मूत्रपिंडच मिळाले म्हणजे डायलिसिस सुटले आणि ही कटकटही सुटली. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून रोपणानंतर प्रतिकारशक्ती मुद्दाम दडपून ठेवावी लागते, आणि ती जन्मभर. डायलिसिसच्या काळात सुस्त पडून असलेल्या विषाणूला मग रान मोकळे मिळते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली मूत्रपिंडरोपणाचा पहिला प्रयत्न झाला आणि १९७१ साली वेल्लोरला पहिले यशस्वी रोपण झाले. तेव्हापासून कित्येक वर्षे जगभरच्या शल्यविशारदांचा अनुभव असा होता, की रोपण केलेले मूत्रपिंड उत्तम चालू आहे आणि रुग्ण मात्र यकृताच्या विकाराने गेला.

'ब' विषाणूसाठी आता एंटेकाव्हिर, टेनोफोव्हिर यांसारखी औषधे आहेत. ती विषाणूला समूळ घालवीत नाहीत, पण बांधून ठेवतात. ती वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागतात. 'क' विषाणूची कथा अधिक आशादायक आहे. पूर्वी त्यावर इंटरफेरॉन हे एकच अस्त्र होते. ते रुग्णाला हैराण करी, अनेकदा निकामी ठरे, आणि रोपणानंतर दिले तर नवे मूत्रपिंडच नाकारले जाण्याचा धोका असे. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुव्हिर या गोळीला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. बारा आठवडे गोळ्या घेतल्या की शंभरांतील पंचाण्णवांच्या आसपास रुग्ण विषाणूमुक्त होतात. आरंभी तेथे या बारा आठवड्यांची किंमत ८४ हजार डॉलर होती. भारतीय कंपन्यांना ती बनविण्याचा परवाना मिळाल्यावर आपल्याकडे ती आवाक्यात आली. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कावीळ नियंत्रण कार्यक्रमाखाली 'ब' आणि 'क' या दोहोंची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. डायलिसिसच्या रुग्णांना सोफोसबुव्हिर देण्याविषयी जी साशंकता होती तीही २०१९ साली अमेरिकन औषध प्रशासनाने सुधारित सूचना दिल्यावर बरीचशी मावळली.

गुरुजींना या गोळ्यांनी गुण आला, हे येथे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु बारा आठवडे गोळ्या, त्यानंतर विषाणू खरोखर गेला याची खात्री करण्यासाठी आणखी बारा आठवडे, मग पुन्हा साऱ्या तपासण्या, अशा रीतीने रोपण आठ महिने लांबले. आठ महिने म्हणजे डायलिसिसच्या आणखी सत्तर बैठका, सुयांचे एकशे चाळीस घाव, घरातील एका कमावत्या मुलाच्या रजा आणि दर खेपेच्या एस. टी. चे भाडे. औषध मोफत मिळाले म्हणून रोग फुकटात पडला असे होत नाही.

पाटी कोणाच्या नावाची?

गेल्या काही वर्षांत डायलिसिसची सोय खेडोपाडीच्या माणसापर्यंत नेण्याचे मोठे काम झाले आहे, त्याचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या आरोग्ययोजनेत डायलिसिसचा समावेश आहे. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली. देशात दरवर्षी सुमारे २ लाख २० हजार लोकांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि त्यामुळे ३ कोटी ४० लाख बैठकांची गरज वाढते, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. देवस्थाने, सेवाभावी मंडळे, उद्योगपती यांनीही यंत्रे दिली. ज्या माणसाला पूर्वी डायलिसिस हा शब्द ऐकूनच घरी परत नेत असत, तो आज तालुक्याच्या गावी उपचार घेऊन संध्याकाळी घरी जेवतो.

मात्र या साऱ्या हिशेबात यंत्रे मोजली जातात आणि बैठका मोजल्या जातात. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. परिचारिकेच्या पगारावर ती लावता येत नाही. परिणामी यंत्रे वाढतात, पाळ्या वाढतात, आणि ती चालविणारे हात तेवढेच राहतात, तेही पुष्कळदा कंत्राटावर, आज आहेत उद्या नाहीत अशा स्थितीत. दोन पाळ्यांच्या मध्ये खाट, खुर्ची, यंत्राचा दर्शनी भाग पुसून वाळू देण्यास जो वेळ लागतो, तो बैठकांच्या संख्येवर दर ठरला की प्रथम कापला जातो.

याला खर्चाची सबब नेहमी पुढे केली जाते. गरीब देशाला एवढी काटेकोर शिस्त परवडत नाही, आधी उपचार तरी मिळू द्या, असे म्हणणारे माझ्या ओळखीचे काही डॉक्टरही आहेत. त्यांची तळमळ खरी आहे. पण एक हातमोज्यांची जोडी वाचवून पुढे बारा आठवड्यांची औषधे द्यावी लागत असतील, 'ब' विषाणूसाठी जन्मभर गोळ्या पुरवाव्या लागत असतील, तर ही काटकसर कोणत्या अंकगणितात बसते? शिवाय ब्रिटनने जे केले ते श्रीमंतीच्या जोरावर केले नव्हते. साबण, पाणी, हातमोजे, नोंदवही आणि ती रोज भरण्याची सवय, एवढाच त्याचा पसारा होता.

काय मागावे?

मागणी भव्य नाही. मूत्रपिंडाचा विकार आहे असे निदान होताच, डायलिसिसची वेळ येण्यापूर्वीच, रुग्णाला 'ब' काविळीची लस द्यावी. कारण विकार वाढत जातो तसतशी लस अंगी लागेनाशी होते. डायलिसिस सुरू झाल्यावर तीच लस दुप्पट मात्रेने आणि चार वेळा द्यावी लागते आणि ती लागू पडली की नाही हे रक्त तपासून पाहावे लागते. नवजात बालकांच्या लसीकरणात ती २०११ पर्यंत देशभर समाविष्ट झाली. पण आजचे बहुतेक डायलिसिसचे रुग्ण त्याच्या कितीतरी आधी जन्मलेले आहेत. केंद्रातील प्रत्येक परिचारिका, तंत्रज्ञ आणि सफाई कामगार यांनाही, कंत्राटी असले तरी, ही लस मिळालीच पाहिजे. 'क' विषाणूवर लस अद्याप नाही, तेथे शिस्त हीच लस.

प्रत्येक रुग्णाची पहिल्या दिवशी आणि नंतर दर सहा महिन्यांनी 'क' विषाणूची तपासणी व्हावी, 'ब' ची लस लागू न पडलेल्यांची तपासणी त्याहून वरचेवर व्हावी, आणि तिची नोंद रुग्णाच्या हाती असावी. एका परिचारिकेकडे किती खाटा असाव्यात याचे प्रमाण ठरवून ते केंद्राच्या भिंतीवर लिहावे, म्हणजे नातेवाईकांनाही मोजता येईल. आणि केंद्रात एकालाही नवी लागण झाली, तर त्या दालनातील सर्वांचे रक्त लगेच तपासून कारण शोधावे. हा शोध शिक्षा करण्यासाठी नसावा. शिक्षेच्या भीतीने लागण दडविली जाते, आणि दडविलेली लागण पसरते.

आणखी एक गोष्ट. बाधित आढळलेल्या रुग्णाला 'आमच्याकडे वेगळे यंत्र नाही' असे सांगून दारातून परत पाठविण्याचे प्रकार घडतात. ज्याला उपचार घेतानाच हा रोग लागला, त्यालाच उपचार नाकारणे यासारखा अन्याय नाही. 'क' साठी वेगळ्या यंत्राची गरज नाही, हे वर आलेच आहे. 'ब' साठी जवळच्या कोणत्या केंद्रात सोय आहे हे सांगून त्याला तेथे पोहोचविणे हे नाकारणाऱ्या केंद्राचे कर्तव्य मानले पाहिजे.

गुरुजींचे रोपण अखेर झाले. वहिनींचे मूत्रपिंड त्यांच्या अंगी चांगले रुजले आहे आणि आता ते शेजारच्या मुलांना संध्याकाळी बीजगणित शिकवितात. परवा भेटलो तेव्हा जुन्या दिवसांचा विषय निघाला. ते म्हणाले, "मला कुठून आलं हा हिचा प्रश्न. माझा प्रश्न वेगळाच आहे. तपासणीत सापडायच्या आधी किती महिने ते माझ्या रक्तात होतं, ठाऊक नाही. त्या महिन्यांत माझ्या शेजारच्या खाटेवर एक कॉलेजात जाणारा मुलगा असायचा. त्याला तर माझ्याकडून गेलं नसेल?"

त्या मुलाचे रक्त तेव्हा कोणी तपासले होते की नाही, हे गुरुजींना कोणी सांगितले नाही.